केस मोरपंखी केले तर लोक काय समजतात? एका कलरिस्टचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २५, हिंजवडीला आयटीत नोकरी, घर सांगलीकडच्या एका गावात, केस कमरेच्या जरा वर, सगळे मोरपंखी निळे करायचेत, आणि विचारलंय की असल्या रंगाच्या केसांकडे लोक खरंच वेगळ्या नजरेनं बघतात का, की ते आपल्याच डोक्यात असतं.

ताई, बघतात. डोक्यातलं नाहीये ते. पण काय बघतात आणि कशावरून मत बनवतात हे कळलं की निम्मी भीती जाते आणि उरलेल्या निम्म्याची काहीतरी सोय लावता येते. मी पुण्यात वीसेक वर्षं कलरचं काम करतोय, त्याच्या आधी साताऱ्याला वडिलांच्या कटिंगच्या दुकानात वाढलो, त्यामुळे खुर्चीवर बसलेला माणूस काय सांगतो आणि तो उठून गेल्यावर बाकड्यावरची माणसं काय बोलतात हे दोन्ही ऐकत आलोय.

पहिलं म्हणजे लोकांना अनैसर्गिक रंग खटकतो हे मला पटत नाही. वडिलांच्या दुकानात दर रविवारी कलप लावायला साठी उलटलेले काका यायचे, भुवया पांढऱ्या, छातीवरचे केस पांढरे आणि डोकं मात्र काळंकुट्ट, म्हणजे विशीतल्या पोराचंही इतकं काळं नसतं, आणि ते तसेच उठून लग्नाला, सभेला, सोसायटीच्या मीटिंगला जायचे, कुणी हूं की चूं करायचं नाही. मेंदीचं घ्या. केशरी डोक्याच्या आज्या, लालभडक दाढीचे चाचा कुठल्याही बाजारपेठेत दिसतात. माझ्याकडे कॉलेजच्या पोरी जो कॉपर मागतात तो त्या मेंदीशेजारी ठेवला तर मेंदीच जास्त भडक निघेल. तरी तिकडे कुणी वळून बघत नाही, कारण बघणाऱ्याला त्या रंगाचं कारण आधीच माहीत असतं, वय झालं, पांढरे झाकलेत, धर्मात चालतं, डोक्याला थंड पडतं, काहीही. मोरपंखीला असं तयार कारण नसतं. मग बघणारा स्वतःच कारण शोधतो आणि जे सापडेल ते तुम्हाला चिकटवतो. सगळी गंमत आणि सगळा त्रास इथून सुरू होतो.

आता कारणं कोण काय शोधतं ते सांगतो, कारण हे माणसामाणसाप्रमाणे बदलतं. पन्नाशीच्या पुढच्या बायका पहिल्यांदा म्हणतात घरी कुणी काही बोलत नाही का, म्हणजे त्यांच्या नजरेत केस तुमचे नसतातच, आईबापाचे असतात. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात ब्रेकअप झालं का गं, आणि खरं सांगू का, तसंही बऱ्याचदा असतं, बॉयफ्रेंड सोडून गेला की पोरी पहिली माझ्याकडे येतात. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना ही पोरगी जरा बिनधास्त असणार असं वाटतं आणि त्यातले काही त्याचा स्वतःला हवा तसा अर्थ काढतात, हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही, माझ्या बऱ्याच क्लायंट्सनी सांगितलंय की रंग केल्यावर रस्त्यावर टक लावून बघणारे वाढले. आणि दहा-पंधरा वर्षांची मुलं, त्यांना तर फक्त भारी वाटतं. त्यांनी हे रंग के-पॉपमध्ये, म्हणजे कोरियन गाण्यांच्या ग्रुप्समध्ये बघितलेत, तिथं गुलाबी केसांचा मुलगा म्हणजे गोड मुलगा, बंडखोर वगैरे काही नाही.

हा फरक मोठा आहे बरं का. पाश्चात्त्य देशांत या रंगांवर बंडाचा शिक्का आहे कारण तिकडे ते पंकवाल्यांकडून, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीतवाल्या पोरांकडून आले. न्यूयॉर्कला सेंट मार्क्स प्लेसवर दोन बहिणींनी १९७७ मध्ये मॅनिक पॅनिक नावाचं दुकान काढलं, पंक फॅशनचं, आणि पुढे त्यांचे हिरवे-जांभळे डाय जगभर गेले. ज्यानं आधी पंक बघितला त्याला निळे केस म्हणजे व्यवस्थेला शिवी वाटते. आपल्याकडे पंक आलाच नाही फारसा, आपल्याकडे आला आधी गल्लीतल्या पोरांचा सोनेरी झुपका आणि नंतर कोरिया. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या माणसांच्या मनात शिक्का आहे तो बंडाचा नाही, टपोरीपणाचा आहे.

इथं जरा थांबतो, कारण हे कुणी नीट बोलत नाही. धोनी नवीन नवीन आला होता तेव्हा त्याचे ते लांब लालसर केस आठवतात ना, २००६ मध्ये लाहोरला बक्षीस समारंभात पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफनी भर मैदानात त्याला सांगितलं होतं की माझं ऐकशील तर केस कापू नकोस. त्या काळात गावोगावच्या दुकानात पोरं तसाच रंग मागायला लागली. पैसे नसायचे, मग घरी मेडिकलमधला पेरॉक्साइड नाहीतर चेहऱ्याचं ब्लीच लावून यायची आणि केस व्हायचे पितळी, तांबूस, कोरडे. धोनीला राष्ट्राध्यक्ष दाद देतायत आणि इकडे तोच रंग केलेल्या पोराला चौकात हवालदार थांबवतो, गाडीची कागदं दाखव. अजूनही तसंच आहे. पुण्याच्या उच्चभ्रू कोरेगाव पार्कात आइस ब्लाँड, म्हणजे बर्फासारखा फिका सोनेरी रंग केलेला मुलगा आर्टिस्ट वाटतो आणि कात्रजला पिवळी बट असलेला मुलगा भाई वाटतो. दोघांचं केमिकल तेच, एकाचं टोनर लावून पिवळेपणा काढलेला आणि दुसऱ्याचा राहिलेला, एवढाच फरक. म्हणजे लोक जे ओळखतात ते रंग नसतंच, त्याच्यामागे किती पैसा आणि निगा आहे ते असतं, आणि त्यावरून माणसाचा दर्जा ठरवून मोकळे होतात. मला हे आवडत नाही पण रोज दिसतं.

तुमच्या उपयोगाचं यात हे आहे की तुमच्याबद्दल मत पहिल्या दिवशीच्या रंगावरून बनणार नाहीये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कौतुकच जास्त होतं, ज्यांना आवडत नाही तेही म्हणतात तुला शोभतंय हो. खरी परीक्षा दीड-दोन महिन्यांनी. आमच्याकडे केसांचा गडदपणा लेव्हलमध्ये मोजतात, एक म्हणजे सगळ्यात काळा आणि दहा म्हणजे सगळ्यात फिका. आपले केस मुळात लेव्हल एक ते तीनमधले, म्हणजे काळे नाहीतर गडद तपकिरी. मोरपंखी उठून दिसायला ते ब्लीचनं लेव्हल नऊच्या आसपास, म्हणजे फिक्या पिवळ्यावर न्यावे लागतात आणि त्या वाटेत ते आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. त्याच्यावर जो निळा बसतो तो डायरेक्ट डाय, त्याला डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचा पेरॉक्साइड, लागत नाही, तो केसाच्या आत पक्का होत नाही, धुण्याधुण्याला थोडाथोडा निघून जातो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दोन महिन्यांनी वर दोन-अडीच सेंटिमीटर काळी मुळं, खाली उडालेला हिरवट रंग, टोकं कोरडी. आता हीच मुलगी, हेच ऑफिस, पण आता लोक म्हणतात जरा अस्ताव्यस्तच आहे ना ही. कामातही तशीच असेल. पहिल्या महिन्यात जिला कॉन्फिडंट म्हणत होते तिला तिसऱ्या महिन्यात गबाळी म्हणतात, आणि बिचारीला वाटतं लोकांना माझे निळे केस चालत नाहीत. निळे चालत होते की! उडालेले चालत नाहीयेत.

उडण्याच्या बाबतीत प्रत्येक रंगाचं वेगळं आहे. गुलाबी पटकन जातो पण जाताना पीच होऊन जातो, लोकांना तेही छान वाटतं. लाल आणि मजेंटा लेव्हल सहा-सातवरही बसतात म्हणजे ब्लीच कमी लागतं, उडाले की कॉपर दिसतात, बघणाऱ्याला तो मुद्दाम केलेला रंग वाटतो. निळा मात्र खाली थोडा जरी पिवळेपणा राहिला तरी उडताना हिरवट होतो आणि हिरवटपणा काढायला सगळ्यात चिवट. मोरपंखीत मुळातच थोडा हिरवा असतो म्हणून तो प्युअर निळ्यापेक्षा बरा, उडाला तरी पुदिन्याकडे जातो. तुमची निवड त्या हिशोबानं चांगली आहे.

वयाचं पण सांगतो, तुम्ही विचारलं नाहीत तरी. सगळ्यात कमी बोलणी कुणाला बसतात माहितेय? पूर्ण पांढऱ्या केसांच्या बायकांना. माझ्याकडे एक रिटायर्ड मॅडम पुढची एक बट जांभळी करायला येतात, आणि त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळे खूश, कारण लोकांनी कारण शोधलंय की बाई हौशी आहेत, आयुष्यभर केलं सगळ्यांचं, आता करू दे. तीच बट त्यांच्या नातीनं केली तर घरात तीन दिवस अबोला. इंग्लंडमध्ये तर एके काळी निळसर केस ही म्हाताऱ्यांचीच खूण होती. पांढरे केस कालांतरानं पिवळट दिसायला लागतात, तो पिवळेपणा मारायला निळा रिन्स लावायचे, आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो अगदी तसं, आणि कधीकधी जरा जास्त बसायचा. त्यावरून तिकडे ब्लू रिन्स ब्रिगेड असा शब्दच पडला, अर्थ काय तर जुन्या वळणाच्या, शिस्तीच्या, कट्टर बायका. म्हणजे जो रंग आज तिकडे बंडखोर पोरींचा समजतात तोच आधी त्यांच्या आज्यांचा होता, फक्त गडद नव्हता इतकंच.

आणि नैसर्गिक म्हणजे काय हेही जागेवर ठरतं. जपानमध्ये बऱ्याच शाळांत केस काळेच पाहिजेत असा नियम असायचा. ओसाकाच्या एका सरकारी हायस्कूलमधल्या मुलीचे केस, तिच्या म्हणण्याप्रमाणे, जन्मतःच तपकिरी होते आणि शाळा तिला सारखी काळे करून ये म्हणायची, शेवटी २०१७ मध्ये ती कोर्टात गेली. २०२१ मध्ये निकाल लागला, शाळेनं तिचं बाक काढून टाकलं, हजेरीतून नाव काढलं म्हणून ३ लाख ३० हजार येन भरपाई मिळाली, पण केस काळे ठेवायचा नियम मात्र कोर्टानं बेकायदा ठरवला नाही. पुढे टोकियोच्या सरकारी हायस्कूलांनी २०२२ पासून असले नियम काढले. जन्माचा रंग सुद्धा चारचौघांपेक्षा वेगळा असला की खुलासा मागतात, तर तुमच्या बाटलीतल्या रंगाला मागणारच.

घोळक्यात मात्र कुणी काही मागत नाही. १९९८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला रोमानियाची टीम ट्युनिशियाविरुद्ध पिवळे केस करून उतरली होती, जग हसलं, फोटो काढले, विषय संपला. एकट्याच खेळाडूनं केलं असतं तर चार दिवस चर्चा झाली असती त्याला झालंय काय म्हणून. तुमच्या टीममध्ये अजून एखादी जरी मरून स्ट्रीक्सवाली असेल तर तुमचं ओझं बरंच हलकं होतं.

आता ऑफिस. नियम वाचा आधी, कुणाला विचारू नका, वाचा. बऱ्याच आयटी कंपन्यांत केसांच्या रंगाबद्दल काही लिहिलेलंच नसतं आणि क्लायंट तिकडचा असेल तर त्याला तर काहीच वाटत नाही, उलट कॉलवर लव्ह युअर हेअर म्हणतो आणि आपला मॅनेजर तोंड वाकडं करून बसलेला असतो. बँक, कोर्ट, शाळा, हॉस्पिटलचं रिसेप्शन, विमान कंपन्या इथं गोष्ट वेगळी. एअर इंडियाचे केबिन क्रूसाठीचे ग्रूमिंगचे नियम २०२२ मध्ये बातम्यांत आले होते, त्यात पांढरे दिसता कामा नयेत, नैसर्गिक शेडमध्ये रंगवत राहा, आणि फॅशन कलर नको आणि मेंदी पण नको. हे मला फार मजेशीर वाटलं, म्हणजे जन्मानं आलेला पांढरा चालत नाही, आजीची मेंदी चालत नाही, केमिकलचा काळा चालतो आणि त्याला नैसर्गिक म्हणायचं.

ऑफिसात अजून एक होतं जे कुणी आधी सांगत नाही. तुम्ही लक्षात राहता. चांगलं काम केलंत तर ती निळ्या केसांची मुलगी हुशार आहे असं मजल्यावर पसरतं, आणि साडेदहाला आलात तर तेही पसरतं. आधी चाळीस जणांत उशीर खपून जायचा, आता नाही खपत. ज्यांना कोपऱ्यात बसून आपलं काम करून गुपचूप घरी जायला आवडतं अशा काही पोरी रंग उत्तम झालेला असताना महिन्याभरात परत काळा करून गेल्यात, रंगाचा कंटाळा आला म्हणून नाही, लोकांच्या बघण्याचा. तुम्ही त्यातल्या आहात का हे तुम्हालाच माहीत.

पण एक गोष्ट बघा, ओळखीची माणसं फार लवकर सरावतात. दोन-तीन आठवड्यांत टीममधल्या लोकांना तुमचे केस दिसेनासेच होतात. अनोळखी माणूस मात्र प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघत असतो. म्हणून मी कन्सल्टेशनला नेहमी विचारतो, तुमच्या दिवसात अनोळखी माणसं किती? स्वतःची गाडी, एकच ऑफिस, त्याच मैत्रिणी, तर सोपं आहे. रोज बस, रोज नवीन क्लायंट, घरोघरी जाऊन कामं, तर रोज तीच नजर पहिल्यापासून झेलावी लागते आणि ते थकवतं. मुंबईच्या लोकलच्या लेडीज डब्यात निदान तोंडावर विचारतात, कुठं केलंस, किती घेतले, पाण्यानं जातो का, आणि दोन स्टेशनांत तुम्ही त्यांच्यातल्या होता. पुण्यात विचारत नाहीत, नुसतं बघतात. (पुणेकरांनी राग मानू नये, मी पण इथलाच झालोय आता.)

गावाचं काय करायचं. तुमच्या प्रश्नात खरी काळजी तीच दिसतेय. गावात अनोळखी कुणी नसतं ही चांगली बाजू, म्हणजे एकदा बघून झालं की झालं, पण पहिला राउंड मोठा असतो आणि तो तुम्ही नाही, तुमची आई खेळते. पाण्याला गेली, भिशीला गेली, तिला विचारणार. तिच्याकडे सांगायला काही नसलं तर ती गप्प बसेल आणि गप्प बसली की लोक स्वतःचं कारण लावतील. म्हणून करायच्या आधी आईला सांगा, दुसऱ्या कुणाकडून नाहीतर फोटोवरून कळू देऊ नका. तिला एक साधं वाक्य द्या, हौस होती म्हणून केलं, वर्षभरात निघून जाईल. हौस हे आपल्याकडे फार चालणारं कारण आहे, हौसेला मोल नाही म्हणतातच ना. मला हक्क आहे, माझे केस माझी मर्जी, हे खरंच आहे पण चावडीवर त्यानं वाद वाढतो.

स्थळं बघणं चालू असेल तर तेही धरून चाला. मी सल्ला देत नाही, फक्त काय होतं ते सांगतो. कांदेपोह्यांच्या आधी काळा करून द्या म्हणून येणाऱ्या मुली दर सीझनला असतात. काहीजणी उलट मुद्दाम रंग ठेवूनच बसतात, म्हणतात ज्याला हे झेपत नाही तो आधीच गळू दे, आणि मला तरी ते फार शहाणपणाचं वाटतं.

मधला मार्ग हवा असेल तर पीकबू करा. वरचा थर काळाच, आतला खालचा थर मोरपंखी, केस मोकळे असले तर चालताना झळकतो, वेणी घातली तर मधून एक पट्टा दिसतो आणि अंबाडा नीट बांधला तर बहुतेक सगळा लपतो. यात वाढलेली मुळं वरच्या काळ्या थराखाली जातात, त्यामुळे दोन महिन्यांनंतरचं ते गबाळं दिसणं जवळजवळ होतच नाही, आणि ब्लीच निम्म्याहून कमी केसांना लागतं. नजरेच्या हिशोबानं सांगायचं तर कुणाला दाखवायचं हे तुमच्या हातात राहतं. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला पहिल्यांदा हेच केलं असतं, आणि सहा महिन्यांनी हौस टिकली तर मग सगळे.

करायचंच ठरलं तर सलूनमध्ये मेंदीचं खरं सांगा. बऱ्याच जणी लपवतात. काही पाकिटातल्या काळ्या मेंदीत धातूंचे क्षार असतात, त्यावर ब्लीच पडलं की केस गरम होऊन तुटायला लागतात, आणि निळीच्या पानांची पावडर मेंदीत घातली असेल तर ब्लीच केल्यावर केस हिरवे होतात आणि तो हिरवा सहजासहजी जात नाही. चांगला कलरिस्ट आधी मागची एक बारीक बट कापून वाटीत ब्लीच लावून बघेल. जो न बघता एका बैठकीत कमरेपर्यंत मोरपंखी करून देतो म्हणेल त्याच्याकडून उठून या. ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, टाळूजवळ लावणाऱ्याकडूनही उठून या. बोअरचं पाणी असेल तर रंग लवकर उडतो आणि केस राठ होतात, शेवटचा तांब्या तरी फिल्टरचा घ्या, शाम्पू आठवड्यातून दोनदाच आणि पाणी कोमट सुद्धा नको, गार. धुळवडीला डोक्याला भरपूर तेल आणि वर टोपी, ब्लीच केलेल्या केसात तो गुलाबी रंग असा शिरतो की नंतर मीही काही करू शकत नाही.

पैशाचं म्हणाल तर एवढ्या लांबीला पुण्यात चांगल्या ठिकाणी दहा हजाराच्या पुढंच धरा, आणि पहिल्या बिलाइतकंच पुढच्या सहा महिन्यांच्या टचअपचं बजेट बाजूला ठेवा. ते नसेल तर पीकबूच करा.

परत काळं करायचं असेल तर घरी बॉक्सचा काळा लावू नका. ब्लीच केलेल्या केसात खालचा लाल-नारिंगी रंगच उरलेला नसतो, तो आधी भरावा लागतो, नाहीतर काळा चिखलासारखा हिरवट बसतो आणि दोन आठवड्यांत पॅची होतो. गडद रंगात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं केमिकल असतं, काहींना त्याची ॲलर्जी येते, म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून पॅच टेस्ट. घरात कुणाचं लग्न असेल, किंवा इंटरव्ह्यू, तर आदल्या दिवशी पळत येऊ नका, तीन आठवडे आधी या, म्हणजे एकदा बसवून, जिथं उडेल तिथं दुसऱ्यांदा भरता येतो.